जेरला ‘उ’ का म्हटलं जातं? देवनागरी वाचणाऱ्यांसाठी जबर, जेर, पेश

देवनागरी आधी शिकलेलं मूल अरबी कायदा (अक्षरओळखीचं पुस्तक) हातात घेतं, तेव्हा जेरला हटकून ‘उ’ म्हणतं आणि जबरला ‘ए’. मदरशात शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पण मुलाला बहुतेक वेळा ‘नीट बघ’ एवढंच ऐकावं लागतं, आणि ते तर नीटच बघत असतं. पहिलीपासून त्याच्या डोळ्यांना सवय लागलेली असते की अक्षराखाली काही लटकलं तर तो उकार, आणि डोक्यावर तिरकी रेघ आली तर ती मात्रा. जबर म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ, तिचा स्वर अ. जेर म्हणजे तीच रेघ अक्षराखाली, तिचा स्वर इ. मूल एका लिपीचा नियम दुसऱ्या लिपीला लावतं, आणि ही गोष्ट त्याला सांगितली की चूक लवकर सुटते.

दापोली, मंडणगड, खेड, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात दिवसा मराठी शाळेत आणि सकाळ-संध्याकाळ मदरशात जाणारी मुलं बरीच आहेत. मोठ्या वयात कायदा उघडणारेही असतात. कुणाला नमाजमधलं पठण सुधारायचं असतं, कुणाला आखातात नोकरीला जाण्याआधी पाट्या वाचता यायला हव्या असतात, तर कुणाला सिद्दी-आदिलशाही काळातले कागद खुणावतात. या सगळ्यांची सुरुवातीची अडखळण्याची ठिकाणं जवळपास सारखीच असतात, कारण सगळ्यांच्या डोक्यात मराठीची बाराखडी पक्की बसलेली असते. तिचा उपयोग कुठे करायचा आणि ती कुठे बाजूला ठेवायची, हे कळलं की अर्धं काम होतं.

इथे अरबी शब्द देवनागरीत लिहिताना एक नियम पाळला आहे. ज्या अक्षरावर स्वर नाही त्याचा पाय मोडला आहे. पाय मोडलेला नसेल तर त्यातला अ पूर्ण म्हणायचा, शब्दाच्या शेवटी असला तरी. जबर-जेर यांतला ज ‘जाड’, ‘जुना’ यांतल्यासारखा.

मूळ चिन्हं तीनच. जबर म्हणजे ऱ्हस्व अ, जेर म्हणजे ऱ्हस्व इ, पेश म्हणजे ऱ्हस्व उ. पेशचा आकार वर बसवलेल्या बारीक वावसारखा, डोकं गोल आणि शेपूट खाली वळलेली. बे या अक्षरावर जबर दिला की ‘ब’, खाली जेर दिला की ‘बि’, वर पेश दिला की ‘बु’. आकार ओळखायला फार वेळ लागत नाही.

वेळ लागतो तो पुढच्या गोष्टीला. देवनागरीत ‘ब’ लिहिला की त्यात अ आपोआप असतो. तो नको असेल तर पाय मोडावा लागतो. अरबीत अक्षर म्हणजे नुसतं व्यंजन. चिन्ह नसेल तर त्यात अ आहे, इ आहे, उ आहे की काहीच नाही, हे अक्षर सांगत नाही. म्हणून आपल्याकडे ज्याला चिन्हच लागत नाही त्या अ-साठी तिथे जबर लागतो, आणि पाय मोडण्यासाठीही वेगळं चिन्ह लागतं, ते जज्म. मराठी वाचणारा रिकाम्या अक्षरात नकळत अ घालतो. ही सवय मोडण्यासाठी सुरुवातीचे काही आठवडे एक शिस्त ठेवावी: चिन्हावर बोट ठेवल्याशिवाय तोंडातून स्वर काढायचा नाही. बोट अक्षरावर नको, चिन्हावर हवं. जबर-पेशला बोट वर जातं, जेरला खाली. हाताला ही हालचाल लागली की डोळाही तिथे जायला लागतो.

याची उलट बाजूही आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा, कधी मधलाही अ आपण लिहितो पण उच्चारत नाही. ‘घर’ लिहितो, ‘घर्’ म्हणतो. ‘करतो’ लिहितो, ‘कर्तो’ म्हणतो. देवनागरीत छापलेली अरबी पाठाची पुस्तकं वाचणाऱ्यांचा घात इथे होतो. काफ, ते, बे या तिन्हींवर जबर असेल तर शब्द ‘कतब’, म्हणजे ‘त्याने लिहिलं’. शेवटचा अ स्पष्ट हवा. मराठी जीभ तो ‘कतब्’ करून टाकते. ‘खलक्ना’ (आम्ही निर्माण केलं) या शब्दात मोठ्या काफवर (जिभेच्या मुळाशी म्हटला जाणारा क) जज्म आहे; देवनागरीत ‘खलकना’ छापलं की जज्म कुठे आणि जबर कुठे ते कळायला मार्गच उरत नाही. माझं स्पष्ट मत असं की देवनागरी लिप्यंतर पहिल्या दोन आठवड्यांपुरतं काठीसारखं वापरावं, नंतर बाजूला ठेवावं. त्यावर विसंबणारा माणूस वर्षानुवर्षं पाठ म्हणतो आणि शेवटचे स्वर गाळत राहतो.

क-त-ब हीच तीन अक्षरं घेऊन चिन्हं बदलत जाणं हा सगळ्यात चांगला सराव आहे. ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिलं, ‘कुतिब’ म्हणजे लिहिलं गेलं, ‘कुतुब्’ म्हणजे पुस्तकं, आणि मधल्या तेवर तश्दीद (अक्षर दोनदा म्हणायची खूण) आला की ‘कत्तब’, त्याने लिहायला लावलं. अक्षरांचा सांगाडा चारही वेळा तोच. मीम-लाम-काफ घेतलं तर मराठी माणसाला आणखी ओळखीचं वाटेल: ‘मलिक्’ राजा, ‘मलक्’ फरिश्ता, ‘मुल्क्’ राज्य, ‘मिल्क्’ मालकीची वस्तू. आपला मुलूख इथूनच आला. फळ्यावर सांगाडा एकदाच मोठा लिहावा, चिन्हं पुसून पुन्हा लिहावीत आणि प्रत्येक वेळी मुलांकडून वाचून घ्यावं. पान पाठ करून म्हणण्याची सोय इथे राहत नाही. चिन्हाकडे बघावंच लागतं.

आता ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बऱ्याच वेळा शुद्धलेखनापुरतं राहतं. चूक झाली तर शिक्षक लाल गोल करतात, अर्थ मात्र सहसा समजतो. अरबीत लांबी बदलली की शब्द बदलतो. लांबी दाखवायला चिन्हानंतर अक्षर येतं: जबरनंतर रिकामा अलिफ आला तर आ, जेरनंतर ये आला तर ई, पेशनंतर वाव आला तर ऊ. ‘मलिक्’ला मीमपुढे अलिफ लागला की ‘मालिक्’, म्हणजे स्वामी. हा फरक सूरह फातिहामध्येच, म्हणजे कुरआनाच्या पहिल्याच अध्यायात भेटतो. तिथला शब्द मूळ लेखनात अलिफशिवाय आहे. आपल्याकडे चालणाऱ्या पठणात मीमवर खडा जबर (दीर्घ आ-ची उभी रेघ) देऊन ‘मालिकि यौमिद्दीन्’ म्हणतात, आणि दुसऱ्या मान्य पठणपरंपरांमध्ये ‘मलिकि’ असंही म्हणतात. एकाच सांगाड्यात दोन्ही मावतात, आणि कोणतं म्हणायचं ते चिन्ह ठरवतं.

मराठी शुद्धलेखनाचे दोन नियम इथे आड येतात. पहिला: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ असतो. दुसरा: अकारान्त शब्दाचा शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असतो, जसा बहीण, मूल, खीर यांत. हे नियम हातात आणि जिभेत इतके मुरलेले असतात की ‘अल्हम्दु’चा ‘अल्हम्दू’ होतो, ‘बिस्मि’चा ‘बिस्मी’ होतो, आणि ‘कातिब्’चा ‘कातीब’. साजिद, आबिद ही नावं मराठीत साजीद, आबीद अशी लिहिली जातात, तीही याच सवयीने. मराठी लिहिताना तो मराठीचा नियम आहे आणि त्यात चूक नाही. अरबी पाठ म्हणताना मात्र तो बाहेर ठेवायला हवा. यावर उपाय हातानेच करावा: ऱ्हस्वाला मांडीवर एक टिचकी, दीर्घाला दोन. दीर्घ स्वराची लांबी ऱ्हस्वाच्या दुप्पट, एवढंच मोजमाप सुरुवातीला पुरतं. वर लाटेसारखी रेघ म्हणजे मद असेल तर लांबी आणखी वाढते, चार-पाच टिचक्या, आणि काही ठिकाणी सहा. पण मद हा पुढचा धडा आहे. एक आणि दोन यांतला फरक पक्का होण्याआधी मुलांना मद ओढायला लावलं की ती सगळंच ओढतात.

खडा जबर, खडा जेर आणि उलटा पेश या खुणाही दीर्घाच्याच. उभी बारीक रेघ वर असेल तर आ, खाली असेल तर ई, पेश उलटा काढला असेल तर ऊ. अलिफ, ये, वाव न लिहिता लांबी दाखवायची ही सोय आहे. तिरकी रेघ एक टिचकी, उभी रेघ दोन. हलक्या छपाईत तिरकी आणि उभी यांतला फरक दिसेनासा होतो, म्हणून पुस्तक निवडताना ‘हाजा’, ‘रह्मान्’ यांसारखे शब्द असलेलं पान उघडून उभी रेघ स्पष्ट आहे का ते पाहावं.

उर्दू शाळेतून आलेल्या मुलांची अडचण वेगळी. आकार त्यांना माहीत असतात, पण उर्दू बोलीत जेर आणि पेश पुष्कळदा ए आणि ओकडे झुकतात. तीच लकब पाठात उतरते आणि ‘अल्हम्दु’चा ‘अल्हम्दो’ होतो. उस्ताद याला मजहूल म्हणतात. हवा असतो तो मारूफ, म्हणजे स्वच्छ इ आणि स्वच्छ उ. पेशला ओठ पुढे आणून गोल करायचे, जेरला जबडा फारसा न उघडता ओठ पसरायचे. समोर छोटा आरसा ठेवला तर मुलाला आपली चूक स्वतःला दिसते.

याच जागी मराठी बोलणाऱ्याला एक फायदा मिळतो, आणि तो आवर्जून सांगायला हवा. जबरनंतर जज्मचा ये किंवा वाव आला की ‘अइ’, ‘अउ’ असा जोडस्वर होतो: ‘बैत्’ (घर), ‘खौफ्’ (भीती), ‘यौम्’ (दिवस). हिंदी-उर्दूच्या वळणाने ऐ आणि औ सपाट होतात. मराठीत ‘पैसा’, ‘मौज’ म्हणताना आपण अइ-अउच म्हणतो. तसंच म्हणावं, फक्त न ओढता.

जबर सगळीकडे एकसारखा ऐकू येत नाही, हेही लवकर सांगून टाकावं, नाहीतर मुलं गोंधळतात. खे, स्वाद, ज्वाद, तोय, जोय, गैन आणि मोठा काफ ही सात अक्षरं नेहमी भरून म्हणायची असतात. त्यांच्यावरचा जबर घशाकडे जाड होतो. बाकीच्यांवरचा बारीक राहतो. रे या अक्षरावर जबर किंवा पेश असेल तर ते ‘पुर’ (भरलेलं), जेर असेल तर ‘बारीक’. ‘अल्लाह’ शब्दातल्या लामचंही तसंच: आधी जबर किंवा पेश असेल तर भरून, आधी जेर असेल तर बारीक, म्हणून ‘बिस्मिल्लाह’मधला लाम हलका. जाड म्हणजे लांब नव्हे. लांबी एका टिचकीचीच.

जज्म म्हणजे पाय मोडणं, इथवर मराठी वाचकाला सोपं. अवघड आहे ते पाय मोडलेल्या अक्षरानंतर काहीच न घालणं. मोठा काफ, तोय, बे, जीम आणि दाल या पाचांवर जज्म आला की आवाज थोडा उसळतो. त्याला कल्कला म्हणतात. त्या उसळीचा अ होऊ द्यायचा नाही. हिज्जे (अक्षर आणि चिन्ह नावाने म्हणत शब्द जोडणं) करताना जज्मचं अक्षर नेहमी मागच्या चिन्हाबरोबर एका दमात घ्यावं: ‘अलिफ लाम जबर अल्, हे मीम जबर हम्, अल्हम्, दाल पेश दु, अल्हम्दु’. ‘लाम लाम जेर लिल्, लाम खडा जबर ला, लिल्ला, हे जेर हि, लिल्लाहि’. हिज्जे कंटाळवाणे वाटतात म्हणून लवकर सोडून मुलांना रवां, म्हणजे सलग, वाचायला लावण्याची घाई होते. ती करू नये. ज्या शब्दावर मूल अडखळतं, त्या शब्दापुरते हिज्जे मोठ्या मुलांकडूनही करून घ्यावेत.

तश्दीद म्हणजे तेच अक्षर दोनदा: आधी पाय मोडून, मग स्वरासह. ‘पक्का’, ‘अण्णा’ म्हणताना आपण जसे थांबतो तसं थांबायचं. तश्दीदच्या आधी एखादं अक्षर पूर्ण रिकामं दिसलं, ना चिन्ह ना जज्म, तर ते वगळून थेट तश्दीदवर जायचं. ‘अर्रह्मान्’मध्ये लाम लिहिलेला असतो पण म्हणायचा नसतो, तो यामुळेच.

कोकणातल्या मुसलमानांत शाफई मजहब (इस्लामी धर्मशास्त्राची एक परंपरा) मोठ्या प्रमाणावर पाळला जातो, म्हणून इथे तश्दीदचं वजन जास्त. शाफई फिकहनुसार प्रत्येक नमाजीने फातिहा स्वतः म्हणायची असते, इमामच्या मागे उभं असलं तरी, आणि तिच्यातले सगळे तश्दीद म्हणायला हवेत. बिस्मिल्लाह धरून ते १४ आहेत. पेन्सिल घेऊन मोजावेत. बिस्मिल्लाहमध्ये ३: अल्लाह, रह्मान्, रहीम्. पुढे ‘लिल्लाहि’ आणि ‘रब्बि’ मिळून २. पुन्हा रह्मान्-रहीमचे २. ‘यौमिद्दीन्’मध्ये १. ‘इय्याक’ दोनदा, म्हणून २. ‘अस्सिरात’ १, ‘अल्लजीन’ १. आणि शेवटच्या ‘ज्वाल्लीन्’ या शब्दात ज्वादवर एक आणि लामवर एक, असे २. ‘इय्याक’चा ये एकेरी म्हटला की अर्थ हातातून जातो. तसंच ‘अन्अम्त’च्या शेवटी. तेवर जबर आहे, म्हणजे ‘तू कृपा केलीस’; पेश म्हटला की ‘अन्अम्तु’, ‘मी कृपा केली’. अर्थ फिरवणाऱ्या अशा चुकीला लहने जली म्हणतात, आणि ती आधी सुधारायची. आवाजाची सफाई, गुन्ना (नाकातला गुंजारव), मदची नजाकत हे सगळं नंतर.

चिन्हांचा जन्मही अशाच काळजीतून झाला. सुरुवातीच्या कुरआन-लेखनात ऱ्हस्व स्वर लिहिलेच जात नसत. परंपरा असं सांगते की ‘रसूलुहू’च्या जागी कुणीतरी ‘रसूलिही’ म्हटलं, अर्थ भलताच झाला, आणि ते ऐकून बसऱ्याच्या अबुल अस्वद अद्दुअली यांनी खुणा लावायला घेतल्या. त्यांचा मृत्यू इ.स. ६८८च्या सुमाराचा. त्यांच्या खुणा म्हणजे वेगळ्या रंगाचे ठिपके: जबरला अक्षरावर, जेरला खाली, पेशला बाजूला, तनवीनला (शब्दाच्या शेवटी स्वरासोबत येणाऱ्या न्-ला) दोन. आठव्या शतकात बसऱ्याच्याच खलील बिन अहमद यांनी ठिपक्यांच्या जागी आजचे आकार आणले. पेशसाठी छोटा वाव, जबरसाठी आडवा केलेला छोटा अलिफ, तश्दीदसाठी शीनचं डोकं. रंगाची ती जुनी युक्ती वहीत अजूनही उपयोगी पडते. दुरेघी वहीत एक ओळ सोडून एक लिहावं, सांगाडा आणि नुक्ते (अक्षराचे स्वतःचे ठिपके) पेन्सिलने, चिन्हं लाल पेनाने. क्रम ठरलेला: आधी पूर्ण शब्दाचा सांगाडा, मग नुक्ते, मग चिन्हं उजवीकडून डावीकडे. अक्षर लिहिलं की लगेच चिन्ह, असं करणाऱ्याची जोडणी तुटते.

तनवीन म्हणजे दोन जबर, दोन जेर, दोन पेश: अन्, इन्, उन्. फक्त शब्दाच्या शेवटी. इथला न् पुढच्या अक्षरानुसार बदलतो, आणि आपल्या अनुस्वाराची सवय असल्याने मराठी वाचकाला हे लवकर कळतं. ‘आंबा’मध्ये अनुस्वाराचा म् होतो, तसा बे आला की तनवीनच्या न्-चाही म् होतो; तिथे छोटा मीम छापलेला असतो. घशातली सहा अक्षरं आली (हम्जा, दोन्ही हे, ऐन, गैन, खे) तर न् स्पष्ट ठेवायचा. मात्र अनुस्वाराच्या सवयीने इथेही नाकात म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा.

आयतीच्या शेवटी थांबताना शेवटचा ऱ्हस्व स्वर गळतो. ‘आलमीन’वर थांबलं की ‘आलमीन्’. दोन जेर आणि दोन पेशही गळतात, दोन जबरचा आ होतो, आणि गोल तेचा ह्. इथे मराठी जीभ आपोआप बरोबर वागते, आणि त्यामुळेच एक चूक लपून राहते: मूल प्रत्येक शब्दावर थांबत वाचत असेल तर त्याला शेवटची चिन्हं येतात की नाही हे कळत नाही. तपासताना दोन शब्द जोडून म्हणायला लावावं.

छपाईबद्दल थोडं. आपल्याकडच्या हिंदुस्थानी पद्धतीच्या कुरआनात आणि मदिनेच्या छपाईत फरक आहे, आणि आखातातून आलेली प्रत घरात असली की मुलं बुचकळ्यात पडतात. हिंदुस्थानी छपाईत ‘फी’मधल्या दीर्घ येवर जज्म असतो, मदिनेच्या छपाईत तो नसतो. आपल्याकडे ‘अल्हम्दु’च्या अलिफवर जबर छापतात, तिथे अलिफवर स्वादच्या डोक्यासारखी छोटी खूण असते. आपला खडा जेर आणि उलटा पेश तिथे अक्षरापुढे छोटा ये आणि छोटा वाव होऊन येतात. आणि तिथला अक्षरावरचा रिकामा गोल म्हणजे ‘हे अक्षर म्हणू नका’. त्याला जज्म समजलं की चुकलंच. शिकताना एकच छपाई धरावी. अरबी वर्तमानपत्रांच्या आणि शालेय पुस्तकांच्या टाइपात आणखी एक फसवी जागा असते: तश्दीद असेल तर जेर अक्षराखाली न जाता तश्दीदच्या खाली, म्हणजे अक्षराच्या वरच बसतो. नवखा त्याला जबर वाचतो. तश्दीदच्या वर रेघ असेल तर जबर, तश्दीद आणि अक्षर यांच्या मधे असेल तर जेर. सुरुवात नस्ख, म्हणजे सरळ ओळीतल्या छापील वळणाच्या, अक्षरातच करावी. उर्दूच्या नस्तालीकमध्ये शब्द तिरका उतरतो आणि कोणतं चिन्ह कोणत्या अक्षराचं ते कळत नाही.

कोकणातल्या पावसाळ्याचा इथे थेट संबंध येतो. दमट हवेत जुन्या कायद्याच्या कागदावर तपकिरी ठिपके उठतात, आणि तो ठिपका बेच्या खाली उठला की मूल बेला ये वाचतं. डाग पडलेली पानं लहान मुलांना देऊ नयेत. झेरॉक्स काढताना बारीक रेघा आधी उडतात, जेर सगळ्यात आधी. मूळ पान दीडपट मोठं करून, गडद ठेवून झेरॉक्स काढावी आणि वाटण्याआधी मूळ पानाशी ताडून उडालेली चिन्हं पेनाने भरावीत. शाईचं पेन जुलै-ऑगस्टमध्ये कागदावर फुटतं. बारीक टोकाचं बॉलपेन बरं.

सरावाची मांडणी अशी ठेवावी. २८ अक्षरं आणि ३ चिन्हं म्हणजे ८४ जोड्या. त्या सगळ्या आधी जबरने, मग जेरने, मग पेशने म्हणायला लावण्याची पद्धत रूढ आहे. तिच्यात सूर लागतो आणि मूल न बघता गातं. त्यापेक्षा बे, सीन, काफ, लाम, मीम, नून ही उच्चाराला सोपी ६ अक्षरं घेऊन पहिल्याच दिवशी तिन्ही चिन्हं मिसळावीत: १८ चिठ्ठ्या, रोज १० मिनिटं, दर वेळी पिसून. न चुकता १८ झाल्या की आणखी ४ अक्षरं. घशाची आणि जाड अक्षरं शेवटी.

चिन्हं पक्की झाली की ती काढून वाचण्याची वेळ येते, कारण कुरआन आणि लहान मुलांची पुस्तकं सोडली तर अरबी छपाईत चिन्हं सहसा नसतात. दुबई-कुवैतच्या पाट्यांवर मीम-दाल-रे-सीन-गोल ते दिसलं तर ते ‘मद्रसा’ही असेल, म्हणजे शाळा, आणि ‘मुदर्रिसा’ही, म्हणजे शिक्षिका, पाटी कुठे लावलीय ते बघून ठरवायचं. उर्दूत ‘इस’ आणि ‘उस’ एकच दिसतात, ‘शेर’ आणि ‘शीर’ही. जुने लेखक यावर उपाय म्हणून हिज्जे शब्दांतच लिहीत. भूगोलकार याकूत (मृत्यू १२२९) गावाचं नाव दिल्यावर पहिल्या अक्षरावर जबर, नंतर जज्म, असं लिहून ठेवतात, म्हणजे नकलणाऱ्याच्या हातून चिन्ह पडलं तरी उच्चार राहावा. फारसी कागदांतून कोकणातली गावं शोधणाऱ्यांनी ही सवय उचलण्यासारखी आहे: वाचलेलं नाव टिपताना सांगाडा वेगळा आणि आपण गृहीत धरलेले स्वर वेगळे लिहावेत. जंजिऱ्यासारख्या किल्ल्यावर कोरीव लेख बघायला जाणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावं की सुलुस या सजावटी लेखनशैलीत जबर-पेशसारखे आकार मोकळी जागा भरण्यासाठीही काढतात. तिथे दिसणारी प्रत्येक रेघ स्वर नसते.

चिन्हं एकदम काढू नयेत. ओळखीच्या उताऱ्यात आधी दीर्घाच्या आधीचे जबर-जेर-पेश काढावेत, पुढचं अक्षर ते सांगतंच. मग जज्म काढावे. तश्दीद आणि शब्दाच्या शेवटची चिन्हं सगळ्यात शेवटी. संगणकावर सरावाचा उतारा स्वतः टाइप करायचा असेल तर विंडोजच्या अरबी कळफलकावर शिफ्ट धरून क्यू म्हणजे जबर, ए म्हणजे जेर, ई म्हणजे पेश, एक्स म्हणजे जज्म. आधी अक्षर, मग चिन्ह, नाहीतर चिन्ह मागच्या अक्षरावर जाऊन बसतं. आणि चिन्हांसह टाइप केलेला शब्द पुष्कळ ठिकाणी शोधून सापडत नाही, म्हणून एक प्रत बिनचिन्हांची वेगळी ठेवावी.